कलम सात

"कलम सात," मी वाचायला सुरुवात केली आणि शेजारी बसलेल्या माझ्या अशिलाचा, सखाराम पाष्टेंचा, हात टेबलावरून वर उचलला गेला.

फार नाही, चार बोटं. वर्गात उत्तर येत असूनही खात्री नसलेलं मूल उचलतं तसा. मी तडजोडनामा वाचता वाचताच माझा डावा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि तो खाली दाबला. तहसीलदारांच्या दालनात शिरण्यापूर्वी व्हरांड्यात मी त्यांना बजावलं होतं, "काका, आत मी बोलेन. तुम्हाला विचारलं तरच बोलायचं, आणि हो म्हणायचं. आता नवीन काही काढू नका. कसंबसं जमत आलंय." त्यांनी मान डोलावली होती. मला वाटलं, हे आता विहिरीचा विषय काढणार. विहिरीवरून आधीच्या दोन बैठका मोडल्या होत्या.

"पालखी अर्जदाराच्या अंगणात असेपर्यंत," मी पुढे वाचलं, "दोन्ही बाजूंपैकी कोणीही इसम, कोणत्याही कारणास्तव, तोंडातून शब्द काढणार नाही. घोषणा, भाषण, टोमणा, शिवीगाळ, काहीही नाही."

"हे कलम कोणाचं?" तहसीलदारांनी विचारलं.

"आमच्या केंद्राचं, साहेब."

"फार छान. मागच्या शिमग्याला हे कोणाला सुचलं असतं तर माझे बावीस जखमी वाचले असते."

मी सत्तावीस वर्षांची होते. सरकारी माणसाने शाबासकी दिली की पाठ आपोआप ताठ व्हायची, तशी ती झाली. टेबलापलीकडे तळेकोंड गावकीचा, म्हणजे गावच्या जुन्या पंचमंडळाचा, सेक्रेटरी प्रभाकर रेवाळे बसला होता. आधीच्या सहा कलमांवर तो शब्दाशब्दाला अडला होता. सातव्यावर नाही. त्याने कागद स्वतःकडे ओढला, कलम मनाशी दोनदा वाचलं आणि म्हणाला, "आमची काय हरकत नाय." मला तो माझ्या मसुद्याचा विजय वाटला. अशी मी हुशार.

ही दोन हजार नऊची गोष्ट. बहिष्काराविरुद्ध आज कायदा आहे, तेव्हा नव्हता. मी बार्शीची. कोकणात येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. इनामदार सरांच्या कायदा सहाय्य केंद्रात मी काम करायचे. इनामदार सर म्हणजे कामगार न्यायालयात तीस वर्षं घासलेला माणूस, आवाज खर्जातला, शर्टाच्या खिशात कायम तीन पेनं. तालुक्याच्या गावात दोन पक्ष होते आणि त्यांनी सगळंच वाटून घेतलं होतं. न्हावी वेगळा, चहाची टपरी वेगळी, रुग्णवाहिकासुद्धा दोन, आणि आजाऱ्याने आधी पक्ष बघून मग फोन करायचा. आमच्या केंद्रात मात्र बाक एकच होता. त्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाठ करून बसत. सरांना त्या बाकाचा भारी अभिमान.

केंद्राचा एक नियम होता. कोणताही कागद अशिलाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही घ्यायची नाही. तो नियम मी कधीच मोडला नाही, त्या दिवशीही नाही.

तळेकोंडचं प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच सुटत नव्हतं. चार वर्षांपूर्वी गावकीने देवळात बसून ठरवलं की यंदा अख्खं गाव एकाच पक्षाला मत देणार आणि सरपंच बिनविरोध होणार. सखारामकाकांच्या मुलाने, संदेशने, दुसऱ्या पक्षाकडून अर्ज भरला. पडला. निकालाच्या संध्याकाळी गावकी पुन्हा बसली आणि पाष्ट्यांचं घर वाळीत टाकलं गेलं. दुसऱ्या पक्षाचा तालुकाध्यक्ष येऊन 'अन्यायाविरुद्ध लढा' असा फलक त्यांच्या पडवीवर लावून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. उन्हाने तो फलक पांढरा पडला, पण काकांनी उतरवला नाही. पडवीत सावली तेवढी त्याचीच, असं म्हणायचे.

मी तक्रार घेऊन पोलिसांत गेले, की गावकी हात जोडून सांगायची, "कुठे बहिष्कार? कोन बोलत नसंल तर ती ज्याची त्याची मर्जी." यावर कुठल्या कलमाखाली काय करणार? इनामदार सर म्हणाले, "ढगे, एक गोष्ट पकड. पोलिसाला डोळ्यांनी दिसेल अशी. येते किंवा येत नाही, अशी." ती गोष्ट म्हणजे शिमग्याची पालखी. गावदेवी सोमजाईची पालखी तळेकोंडात घरोघर जाते. चार वर्षं ती पाष्ट्यांच्या बांधापर्यंत यायची आणि तिथून ढोल वाजवत वळायची.

बैठकीच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या घरी गेले होते. सुगंधाकाकू चुलीपुढे बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर अडीच वर्षांची नात, पूर्वा, चिकूच्या बिया एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत होती. ही पोर जन्मली तेव्हा गावातली एकही रिक्षा थांबली नव्हती. सुनेला कळा येत असताना काकांनी तिला हाताला धरून हमरस्त्यापर्यंत चालवत नेलं होतं.

"काकू, पालखीशिवाय आणखी काय मागायचं?" मी वही उघडून विचारलं. "विहीर? पिठाची गिरण?"

"काय्येक नको, बाय. पानी आमी लांबून आनतांव. दळन तालुक्याला नेतांव. आता सवय झाली." त्यांनी पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "पन हिचां नाव अजून सोमजाई आईच्या कानावर गेलां नाय. पालखी दारात आली की घरातल्या समद्यांचां नाव घेतात. नवीन पोराचां पयलां. मंग तां पोर गावचां होतां. तोपातुर नाय."

"आणि नाही घेतलं तर?"

"मंग ही कुनाची, सांगा तुमी. जल्मली हितं, आनि गावची नाय. मोठी झाली, लगीन ठरलां, आनि कोनी इचारलां की पोर खंयच्या गावची, तर काय सांगायचां?"

मी वहीत लिहिलं: 'नातीचे नाव पालखीपुढे घेतले जाणे.' त्याखाली रेघही ओढली. ते नाव कोण घेतं, कसं घेतं, हे विचारलं नाही. मला वाटलं, आजी हात जोडून पुटपुटेल, आम्ही बार्शीला भगवंताच्या देवळात करतो तसं.

आणि घरी येऊन कलम सात लिहिलं. कारण मागच्या वर्षी याच तालुक्यात दुसऱ्या एका गावी अशाच एका घरासमोर पालखी थांबली, दोन्ही पक्षांच्या पोरांनी घोषणा सुरू केल्या, घोषणांचे दगड झाले. मला ते होऊ द्यायचं नव्हतं. सगळी वाईट बोलणी मी एका वाक्यात बंद केली. तहसीलदारांनी त्यात कलम नऊ घातलं: कोणत्याही बाजूने कोणत्याही अटीचा भंग झाल्यास तडजोडनामा रद्द.

त्या दिवशी दालनात सगळ्यांच्या सह्या झाल्या. मी काकांना विचारलं, "सगळं समजलं ना, काका?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रभाकरकडे, मग त्या कागदाकडे. "हो," ते म्हणाले. मी सांगितलं होतं तसंच.

धुळवडीनंतर चौथ्या दिवशी पालखी येणार होती. मी सकाळी नऊलाच पोचले. काकूंनी अंगण शेणाने सारवलं होतं, रांगोळी काढली होती, आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण बांधलं होतं. फलक काढून टाकला होता, त्यामुळे पडवीत ऊन आलं होतं. संदेश मुंबईहून आला होता. पूर्वाला हिरवं परकर-पोलकं घातलं होतं आणि ती सारखी त्याच्या काठावरची चमकी उपटत होती. काकूंच्या हातात ओटीचं ताट होतं. त्या दर दोन मिनिटांनी त्यातला नारळ सरळ करत होत्या.

"येतील ना, बाय?"

"येणार म्हणजे काय! सही केलीय त्यांनी."

अकराच्या सुमाराला ढोल ऐकू आले. बांधावर आल्यावर ते थांबले. मग बांध ओलांडून पालखी आत आली. काकू रडू लागल्या, मीही रडले. पालखीबरोबर साठसत्तर माणसं होती, फौजदार होते, चार शिपाई होते आणि कोणीही एक शब्द बोलत नव्हतं. पालखी अंगणाच्या मधोमध ठेवली. काकूंनी ओटी भरली. देवीच्या चांदीच्या मुखवट्यावर ऊन पडलं होतं.

पालखीमागून एक म्हातारा पुढे आला. भिकाजी गोणबरे. हे गावचे गावकर, म्हणजे पिढीजात देवाशी बोलण्याचा मान असलेलं घर. त्यांनी ओटीतला नारळ उचलला, दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

प्रभाकरने खिशातून तडजोडनाम्याची प्रत काढली. तो काहीही बोलला नाही. त्याने कागद उलगडून फौजदारांसमोर धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. फौजदारांनी वाचलं. मग पुढे होऊन भिकाजींच्या दंडाला हात लावला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

भिकाजींनी डोळे उघडले. त्यांना कागद दाखवण्यात आला. त्यांनी वाचला की नाही कोण जाणे, पण ते नारळ तसाच धरून उभे राहिले.

तेव्हा मला कळलं की नाव कोण घेतं. गावकर गाऱ्हाणं घालतो. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन देवीला सांगतो की ही तुझी लेकरं, सांभाळ, आणि सगळा गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गावाने म्हटलेलं ते 'व्हय' म्हणजेच पोर गावचं होणं. पालखी येते ती एवढ्यासाठीच, बाकी सगळा सरंजाम. आणि हे सगळं मी माझ्या सुवाच्य अक्षरात बंद करून टाकलं होतं.

मी बोलायला हवं होतं. 'थांबा, हे कलम मी लिहिलंय, मी सांगते, त्यांना बोलू द्या.' एवढंच. पण मी बोलले की कलम सातचा भंग, भंग झाला की कलम नऊ, आणि तडजोडनामा रद्द. मी वकील होते. मी तिथे उभी राहून हिशेब करत होते की फौजदारांना खुणेने बाजूला नेऊन, दुरुस्तीपत्र लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेता येतील का. प्रभाकर माझ्याकडे बघत होता. तो हसतसुद्धा नव्हता.

पालखी पंधरा मिनिटं थांबेल, असं कलम चारमध्ये होतं. फौजदार घड्याळ बघत होते. सत्तर माणसं गप्प उभी होती. चार वर्षं या घराशी अबोला धरून त्यांना त्याची चांगली सवय झाली होती. सखारामकाका खाली बघत होते, त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं किंचित वर उचललेली.

वाहकांनी दांड्याला हात घातला.

तेव्हा सुगंधाकाकूंनी पूर्वाला उचललं, पालखीपुढे धरलं आणि ओरडल्या, "पूर्वा! आई, हिचां नाव पूर्वा! पूर्वा संदेश पाष्टे! ही तुजी हाय, आई!"

कोणीही 'व्हय' म्हणालं नाही. काकू पोरीला तशीच धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. पोर घाबरून रडायला लागली. मग अंगणात एकाच बाईचा आवाज आला, त्यांचाच, अगदी हळू. "व्हय म्हाराजा."

पालखी उचलली गेली. बांध ओलांडल्यावर ढोल सुरू झाले.

पंचनामा तिथेच पडवीत झाला. 'अकरा वाजून बावीस मिनिटांनी अर्जदार पक्षाकडून कलम सातचा भंग.' फौजदार वाईट माणूस नव्हता. तो कागद माझ्यापुढे सरकवताना त्याची नजर वर होत नव्हती.

"ढगे मॅडम, साक्षीदार म्हणून सही लागेल. तुम्ही होतात ना इथे?"

मी होते. मी सही केली. संदेशने ते पाहिलं आणि तो घरात निघून गेला. काकूंनी मात्र मला पन्हं दिलं. मी ते प्यायले, त्याची लाज मला अजून वाटते.

तडजोडनामा रद्द झाला. पुढच्या बैठकीला गावकी आलीच नाही. "आमी पालखी नेली, शब्द पाळला. मोडला कुनी?" असं प्रभाकर गावभर सांगत होता, आणि ते खरं होतं. कागदोपत्री तर शंभर टक्के. महिन्याभरात पाष्टे कुटुंब घराला कुलूप लावून संदेशकडे नालासोपाऱ्याला गेलं. केंद्राच्या त्या वर्षीच्या अहवालात मात्र 'तळेकोंड: चार वर्षांनी पालखी अर्जदाराच्या दारी' असं छापून आलं. मी सरांना सगळं सांगितलं होतं. ते बाकाकडे बघत म्हणाले, "पालखी गेली होती ना? मग ते खोटं नाही." नमुना मसुद्यांची जी पुस्तिका आम्ही काढली, तिच्यात कलम सात आहे. दुसऱ्या संस्थाही ते वापरतात. त्याने दगडफेक थांबते, हेही खरंच आहे.

मे महिन्यात एका दुपारी भिकाजी गोणबरे केंद्रात आले. बाहेर कडक ऊन, बाकावर कोणी नव्हतं. ते बाकाच्या अगदी टोकाला बसले.

"बाय, मी हितं आलू तां कुनाला सांगू नका."

"नाही सांगणार, बाबा. पाणी देऊ?"

त्यांनी मानेनेच नको म्हटलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सखाराम आनि मी एका शाळेतले. चार वर्सां झाली, त्याच्याशी बोललू नाय. बोलला त्याला गावकीचा दंड, त्याचां भ्याव. पोरां-नातवंडां माजी पन हायत गावात."

"हो."

"त्याच्या नातीचां नाव मला म्हाईत नव्हतां. इचारनार कुनाला? मंग अंगनवाडीच्या बाईच्या पटात चोरून बगितलां. पूर्वा. आमच्यात असलां नाव नाय कुनाचां. इसरंन म्हनून चार दिस घोकत व्हतू. गुरां राखताना, जेवताना. बायको म्हनाली, खुळावलास काय?"

"म्हणजे तुम्ही गाऱ्हाणं घालणार होतात?"

"नायतर नारळ कशाला उचलला?"

"पण प्रभाकरने अडवलं असतं. गावकीने अडवलं असतं."

भिकाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच लहान आहे. "पालखी दारात टेकली की गावकराला कोन अडवनार, बाय? गावकी अडवायची नाय. परभाकराचा बाप आला तरी नाय. आईपुढं तोंड उघडलां की तां आईचां बोलनां. त्याच्यावर 'व्हय' बोलायलाच लागतां समद्यांना. आईपुढं गप ऱ्हायाची छाती कुनाची? त्यांची पन पोरां हायत. म्हनून तर परभाकर पालखीला बांधाच्या आत येऊ देत नव्हता. चार वर्सां त्याला येकच भ्याव व्हतां, पालखी आत गेली तर मी बोलनार."

मी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत होते.

"तुमी पालखी आनलीत," ते म्हणाले. "तां मोठां काम केलांत. आमच्याच्यानं झालां नसतां. बाकीचां माज्यावर सोडायचां व्हतां."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ते उठले, टोपी घातली, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"येक इचारू? कागद सखारामाला वाचून नव्हता दाखवला?"

"दाखवला होता. प्रत्येक कलम."

"मंग तो कसा काय बोलला नाय? त्याला तर समदां म्हाईत. म्हनायचां व्हतां त्यानं, गाऱ्हान्याचां काय म्हनून."

माझा डावा हात टेबलावर होता. त्या हाताखाली चार बोटं वर उचलली गेली होती, आणि ती खाली जाताना त्यांनी किती कमी विरोध केला होता, ते मला नीट आठवत होतं.

"नाही," मी म्हणाले. "ते काही बोलले नाहीत."

भिकाजींनी मान हलवली. "तसाच हाय तो पयल्यापासून. भोळा," ते म्हणाले, आणि कोणी बघत नाही ना ते पाहून जिना उतरून गेले.